काय दिसतं ते सांगा

मित्रांनो, मी एक जुना सेटअप विझार्ड आहे. घाबरू नका, नाव भारदस्त असलं तरी मी अगदी साधा आहे. तुम्ही कॉम्प्युटरवर नवं काही सुरू करायला जाता तेव्हा पडद्यावर एक चौकट येते आणि एक प्रश्न विचारते. तुम्ही उत्तर दिलंत की दुसरी चौकट येते. खाली 'मागे' आणि 'पुढे' अशी दोन बटणं असतात. तोच मी. माझ्या नावाचा अर्थ जादूगार असा होतो म्हणे. ज्यानं ते ठेवलं त्याचं भलं होवो, पण मला जादूबिदू काही येत नाही. मला एवढंच येतं, की एका वेळी एकच प्रश्न विचारायचा आणि उत्तर मिळेपर्यंत धीर धरायचा. तुमच्या घरात हे कुणाला जमतं का, बघा बरं एकदा.

माझा मुक्काम विणकामाच्या एका कारखान्यात, खिडकीशेजारच्या टेबलावरच्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये आहे. कारखाना म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर मोठमोठी धुराडी आली असतील. तसलं काही नाही. एक लांबट खोली, एका भिंतीला लोकरीच्या रंगीत रिळांची फळी, समोर इस्त्रीचं टेबल आणि मधोमध विणायचं मशीन. मशीनचा गाडा दिवसभर सुयांवरून इकडून तिकडे खर्रर्र करत पळायचा आणि खालून टोप्या, मफलर, स्वेटर उतरायचे. पडद्याच्या डोक्यावर एक छोटा कॅमेरा बसवलेला आहे. तो माझा डोळा समजा. त्या डोळ्यानं मी जे पाहिलं आणि इथल्या माणसांकडून जे ऐकलं, तेच तुम्हाला सांगणार आहे.

कारखान्यात माणसं तीनच. मालकीण होत्या, त्यांना सगळे नुसतं 'बाई' म्हणत. बाईंचा आवाज असा, की मशीन चालू असतानाही रस्त्यावरच्या माणसाला त्यांचं बोलणं कळायचं. दुसरी बटणताई. ती स्वेटरांना बटणं लावायची, म्हणून बटणताई. बटणं तिच्याकडेही आणि बटणं माझ्याकडेही, त्यामुळे आमचं आधीपासूनच जमलं. आणि तिसरे मास्तर.

मशीन लावायचं काम मास्तरांचं. लावायचं म्हणजे काय, तर टोपी संपवून मफलर सुरू करायचा झाला की सगळी मांडामांड नव्यानं करायची. रिळं बदलायची, प्रत्येक धागा वरच्या कडीतून आणि मग ताणाच्या चकतीतून ओवायचा, खाली वजनं अडकवायची, नमुन्याचे आकडे कॉम्प्युटरला द्यायचे. एक धागा चुकला तरी स्वेटर मधूनच तुटून धप्पकन खाली. मास्तर हे सगळं गुणगुणत करायचे. त्यांच्याशिवाय दुसऱ्या कुणाला ते येत नव्हतं. त्यामुळे मास्तरांनी कधी रजाच घेतली नव्हती. ताप आला तरी मफलर गुंडाळून यायचे आणि म्हणायचे, "लोकरीच्या कारखान्यात कसली आलीय थंडी!"

आता या गोष्टीतलं सगळ्यात छोटं माणूस. मास्तरांची लेक लग्न होऊन दूरच्या शहरात राहायला गेली होती. तिची मुलगी म्हणजे मास्तरांची नात. ती एका जागी ठरत नसे म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणत. भिंगरीनं मास्तरांना पाहिलं होतं ते फक्त फोनच्या पडद्यावर. मैत्रिणींना ती सांगायची, "माझे एक आजोबा शेजारी राहतात आणि एक आजोबा फोनमध्ये राहतात." तिला वाढदिवसाला लाल सायकल मिळाली, तेव्हा फोनमधले आजोबा बोलून बसले, "सायकल मीच शिकवणार हं, मी आल्यावर!" झालं! भिंगरीनं ते मनावर घेतलं. बाबा शिकवतो म्हणाला, नको. आई शिकवते म्हणाली, नको. शेजारचे आजोबा तर बिचारे सीटला हात लावायला गेले आणि ओरडा खाऊन परत आले. सायकल जिन्याखाली उभी राहिली. पोर मात्र कुणासाठी थांबत नाही. ती वाढत राहिली. सीट वर केली, आणखी वर केली, अगदी शेवटच्या भोकापर्यंत वर केली.

एका दुपारी मास्तरांनी फोन लावला तेव्हा भिंगरी सायकलवर बसून दाखवत होती. "आजोबा, बघा, माझे गुडघे हँडलला लागतात!" तिला त्याची गंमत वाटत होती. मास्तर हसले. फोन ठेवल्यावर मात्र ते बराच वेळ नुसते ब्रश घेऊन सुया झाडत बसले.

त्या दिवशी मास्तरांची भाची कारखान्यात आली होती. ती कॉम्प्युटरचे प्रोग्राम लिहायची. तिनं मामाचा चेहरा पाहिला. "मामा, भिंगरी मोठी होण्याआधी तू जाऊन ये," ती म्हणाली. "जातो की," मास्तर म्हणाले, "पण मशीन कोण लावणार? तू लावणार?" भाची म्हणाली, "मी नाही. पण मशीन कसं लावायचं ते एक एक पायरी विचारत सांगेल, असं काहीतरी मी बनवते." आणि मित्रांनो, असा माझा जन्म ठरला. मास्तरांना एकदा तरी सुट्टी मिळावी, एवढ्यासाठी मी या जगात आलो. सांगा, किती जणांना आपण कशासाठी जन्मलो ते इतकं स्वच्छ माहीत असतं?

माझी भाषा स्क्रिप्टची, म्हणजे कॉम्प्युटरला ओळीओळीनं द्यायच्या सूचनांची. तिची गंमत अशी, की ओळ लिहायची, लगेच चालवून बघायची आणि फिसकटलं तर पुसून पुन्हा लिहायची. आमटीत मीठ घालून चमचा तोंडात घालतात ना, तसं. भाचीनं माझी सगळी पानं आधी तयार करून एकावर एक ठेवली. एका वेळी एकच पान दाखवायचं आणि बाकीची झाकून ठेवायची. 'पुढे' दाबलं की चालू पान लपतं आणि पुढचं समोर येतं. 'मागे' दाबलं की उलट. झाला विझार्ड! लिहायला सोपं वाटतं, पण माझ्या बाळपणी फार खोड्या झाल्या. 'मागे' दाबलं की मी आधीची सगळी उत्तरं विसरून जायचो. बाई भडकायच्या. "अगं, मी मघाशीच तर त्याला लाल सांगितला! हा काय कान देऊन ऐकत नाही का?" मग भाचीनं मला प्रत्येक उत्तरासाठी एक खण दिला, आणि माझं विसरणं थांबलं. 'रद्द करा' या बटणाची बटणताईला धास्ती वाटायची. ते दाबलं तर सगळं मशीनच बंद पडून आपल्यावर आळ येईल असं तिला वाटे. भाचीनं ते काढून तिथे 'जरा थांबू या' असं बटण ठेवलं. ते दाबून बटणताई चहा घ्यायला जायची आणि परत आली की मी तिथेच, त्याच पानावर तिची वाट बघत असायचो.

पानांवर काय लिहायचं ते मास्तर सांगायचे. ते ऐकण्यासारखं असायचं.

"आता धागा थोडा ओढायचा."

"थोडा म्हणजे किती, मामा?"

"थोडा म्हणजे थोडा."

"अरे, पण त्यांना कसं कळणार?"

"कळतं की! ओढला की कळतं."

भाची कपाळाला हात लावायची, मास्तर हसायचे आणि दोघं उठून मशीनपाशी जायची. परत येताना भाचीच्या हातात एखादा फोटो असायचा आणि तो माझ्या पानावर चढायचा. माझ्याकडे असे छान छान फोटो जमले. वरच्या कडीचा, चकतीचा, वजनांचा. मी अगदी नटून बसलो होतो.

मग परीक्षेचा दिवस आला. बाई आणि बटणताईनं मला विचारून लहान मुलाची टोपी लावायची, आणि मास्तरांनी तोंड उघडायचं नाही की हात लावायचा नाही, असं ठरलं. मास्तर कोपऱ्यातल्या स्टुलावर जाऊन बसले. हात शिवशिवायला लागले म्हणून ते त्यांनी मांड्यांखाली दाबून धरले. भाची भिंतीला टेकून उभी राहिली. बाई माझ्यासमोर आणि बटणताई मशीनपाशी.

मी माझ्या सगळ्यात नम्र शब्दांत विचारलं, 'धागा वरच्या कडीतून ओवलात का?'

बाईंनी 'हो' दाबलं.

'धागा ताणाच्या चकतीत बसवलात का?' हो. 'दोन्ही वजनं अडकवलीत का?' हो. 'सगळं पुन्हा एकदा तपासलंत का?' हो, हो! बाई पुढे, पुढे, पुढे करत सुटल्या. मला वाटलं, वा! काय हुशार विद्यार्थिनी मिळाली! मी शेवटच्या पानावर 'अभिनंदन' लिहिलं आणि मशीन सुरू झालं.

खालून जे बाहेर आलं त्याला टोपी म्हणायचं की मासे पकडायचं जाळं, ते कुणालाच ठरवता येईना. मग तेही गाड्यात अडकलं. लोकरीचा एक गुंता लोंबकळत खाली आला आणि मशीन खाकरून थांबलं. बटणताईनं तो गुंता स्वतःच्या डोक्यावर ठेवला आणि गंभीर चेहऱ्यानं विचारलं, "बाई, मला शोभतेय का?" सगळे पोट धरधरून हसले. मास्तरही हसले. पण हसता हसता ते उठले, गुपचूप मशीनपाशी गेले आणि गुंता सोडवायला लागले. "राहू दे गं," ते भाचीला म्हणाले, "पुढच्या वर्षी बघू."

भाचीचं हसू मावळलं. तिनं मशीन पाहिलं. धागा कडीतून गेलेलाच नव्हता. एक वजन तर अजून फळीवरच होतं.

"बाई, तुम्ही 'हो' का म्हणालात?"

"अगं, कुणी इतक्या अदबीनं विचारल्यावर 'नाही' कसं म्हणायचं? बरं दिसतं का ते?" बाई म्हणाल्या. "आणि मला वाटलं, बटणताईनं ओवला असेल."

"आणि मला वाटलं, बाई 'हो' म्हणताहेत म्हणजे ओवलेलाच असेल," बटणताई म्हणाली.

तेवढ्यात मास्तरांचा फोन वाजला. लेकीचा होता. हातात गुंता असल्यामुळे त्यांनी फोन टेबलावर ठेवून स्पीकर लावला. लेकीनं विचारलं, "बाबा, यंदा तरी येताय ना?"

"हो हो! येतोय ना!" मास्तर म्हणाले.

"तब्येत बरी आहे ना?"

"हो हो! मला काय धाड भरलीय!"

भाचीनं मान वर केली. तिनं मामाकडे पाहिलं, मग बाईंकडे, मग माझ्याकडे. मास्तरांचं 'हो हो' आणि बाईंचं 'हो हो' अगदी एकसारखं होतं. दरवर्षी लेक विचारायची, येताय ना? दरवर्षी मास्तर म्हणायचे, हो हो. आणि दरवर्षी त्या 'हो'वर विश्वास ठेवून भिंगरी जिन्याखालच्या सायकलची धूळ पुसायची. भाची एकदम म्हणाली, "चुकलंच माझं. मी विचारलंच चुकीचं!" आणि तिनं खुर्ची ओढून मला उघडलं.

मित्रांनो, त्या दोन-तीन दिवसांत तिनं माझे सगळे प्रश्न बदलले. 'हो' आणि 'नाही' ही बटणं तिनं पार काढून टाकली. आता मी विचारायला लागलो, 'वरच्या कडीकडे बघा. तिच्यातून कुठल्या रंगाचा धागा जातोय?' खाली उत्तरं होती: लाल, पांढरा, काहीच दिसत नाही. दुसऱ्या पानावर, 'डावं वजन बोटानं ढकला. काय झालं?' झुललं, जमिनीला टेकलं, किंवा इथे वजनच नाही. उत्तर दिल्याशिवाय 'पुढे' दबायचंच नाही. खुर्चीत बसून हे सांगता येतं का? उठावं लागतं, मशीनपाशी जावं लागतं, मान वर करून बघावं लागतं.

आणि एक गोष्ट तिनं अशी केली, की तिच्याबद्दल मला आजही अभिमान वाटतो. 'काहीच दिसत नाही' असं कुणी सांगितलं की मी रागवायचो नाही, लाल अक्षरात चूक दाखवायचो नाही. मी म्हणायचो, 'बरं झालं सांगितलंत. चला, आत्ता ओवू या.' आणि कसं ओवायचं त्याचा फोटो दाखवायचो. बटणताईला हे इतकं आवडलं, की सगळं नीट असतानाही ती मुद्दाम ते बटण दाबून बघायची. म्हणायची, "अहो, आयुष्यात इतक्या प्रेमानं मला कुणी सांगितलं नाही!"

दुसऱ्यांदा परीक्षा झाली. या वेळी बाई खुर्चीवरून उठत होत्या, बसत होत्या, पुन्हा उठत होत्या. "दमवलं या पोरानं!" त्या म्हणाल्या, पण प्रत्येक वेळी उठल्या. एकदा त्या ओरडल्या, "अगं, खरंच वजन नाहीये इथे!" आणि एखादा खजिना सापडल्यासारख्या खूश झाल्या. मशीन सुरू झालं. खर्रर्र, खर्रर्र. खालून इवलीशी लाल टोपी उतरली, अख्खीच्या अख्खी.

मास्तरांनी ती उचलली. उलटी केली, ताणली, उजेडात धरली, वीण बोटांनी ओढून पाहिली. ते काय शोधत होते ते सगळ्यांना कळत होतं. चूक सापडली असती तर राहायला निमित्त मिळालं असतं. पण चूक सापडेना. शेवटी ते म्हणाले, "टोपी झालीय. चांगली झालीय." आणि पुन्हा ब्रश घेऊन सुया झाडायला निघाले.

"मामा, इकडे ये," भाची म्हणाली. "याला तुलाही काहीतरी विचारायचंय."

तिनं माझ्यात खास मामासाठी एक छोटं पान लिहिलं होतं. मास्तर समोर बसले. मी विचारलं, 'भिंगरीकडे जायचं तिकीट कुठल्या दिवसाचं आहे?' खाली दिनदर्शिका होती, आणि तिच्याखाली एक बटण: अजून काढलंच नाही.

मास्तरांनी चष्मा सारखा केला. त्यांनी 'पुढे' दाबून पाहिलं. दबेना. 'हो' कुठे दिसतंय का ते पाहिलं. नव्हतं. बाई मागे येऊन उभ्या राहिल्या, बटणताई सुई-दोरा तसाच धरून आली. खोलीत मशीन बंद होतं, त्यामुळे फारच शांत वाटत होतं.

"मला भीती वाटते गं," मास्तर अचानक म्हणाले. त्यांचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता. "मी गेलो आणि इथे सगळं बिघडलं तर वाईट वाटेल. पण मी गेलो आणि सगळं नीट चाललं, तर मग माझं इथे काय काम?"

भाचीचे डोळे भरून आले. मलाही वाईट वाटलं, खरं सांगतो. मी मास्तरांना सुट्टी द्यायला जन्मलो होतो, आणि त्यांना वाटत होतं की मी त्यांची जागा घ्यायला आलोय.

बाईंनी मात्र नेहमीच्या आवाजात सुरुवात केली. "मास्तर, अहो, नवी पानाफुलांची वेल विणायची म्हणून तुम्ही किती दिवस डोक्यात घेऊन फिरताय? टोपीच्या घडीवर, चहाच्या बशीवर बोटानं काढत बसता ती मला दिसत नाही का? कधी विणणार? आयुष्यभर धागेच ओवत बसणार? धागे आम्ही ओवतो. तुम्ही नातीला भेटून या, आणि आल्यावर ती वेल विणा. वेल काही या डब्याला सुचणार नाहीये."

डबा म्हणजे मी. मी मुळीच मनाला लावून घेतलं नाही, कारण ते खरंच होतं.

मग मास्तरांनी बोट पुढे केलं आणि दाबलं: अजून काढलंच नाही.

मी म्हणालो, 'बरं झालं सांगितलंत. चला, आत्ता काढू या.'

आणि मित्रांनो, सगळे इतके मोठ्यानं हसले, की इस्त्रीच्या टेबलावरची घड्यांची चळत खाली आली. भाचीनं तिथल्या तिथे तिकीट काढलं. बाईंनी ती लाल टोपी कागदात गुंडाळून मास्तरांच्या खिशात कोंबली. जाताना मास्तर दारातून तीनदा परत आले. एकदा तेलाची कुपी दाखवायला, एकदा चकती दाखवायला आणि एकदा उगीचच. तिसऱ्यांदा बटणताईनं आतून कडीच लावून घेतली.

मास्तर गेल्यावर थोड्याच दिवसांत एका शाळेच्या गाणाऱ्या मुलांचे मफलर विणायला आले, लाल आणि पांढऱ्या पट्ट्यांचे. म्हणजे सगळी मांडामांड नव्यानं करायची. बाई माझ्यासमोर बसल्या, बटणताई मशीनपाशी. फोन हाताशी होता, पण बाईंनी तो उपडा करून ठेवला. मी विचारत गेलो आणि त्या उठून बघत गेल्या. पांढरा धागा एकदा निसटला. 'काहीच दिसत नाही.' बरं झालं सांगितलंत. चला, ओवू या. शेवटी खर्रर्र सुरू झालं आणि एक लाल पट्टा, एक पांढरा पट्टा असा मफलर खाली सरकायला लागला. भाचीही त्या दिवशी बघायला आली होती. ती श्वास रोखून उभी होती.

आणि नेमका तेव्हाच पडद्यावर मास्तरांचा व्हिडिओ कॉल आला. अर्ध्या पडद्यावर मी, अर्ध्या पडद्यावर मास्तर. त्यांच्या मागे झाडं होती, फरसबंदी होती, आणि त्यांचा चेहरा उन्हानं लाल झाला होता. पहिलाच प्रश्न, "मशीन नीट चाललंय ना?"

बाई आणि बटणताई, दोघींनी एकदम 'हो हो' म्हणायला तोंड उघडलं. मग बाई थांबल्या. त्यांनी कॅमेरा उचलला आणि मशीनकडे वळवला. मास्तर बघत राहिले. गाडा पळत होता, मफलर उतरत होता. बघता बघता त्यांच्या खांद्यांवरचं काहीतरी उतरल्यासारखं झालं.

"डावं वजन जरासं..." ते म्हणाले.

"मास्तर!" बाई गरजल्या.

"आजोबा, चला ना!" कुणीतरी त्यांची बाही ओढली. ती भिंगरी. डोक्यावर लाल टोपी, ती पण भर उन्हात. लेकीनं फोन आपल्या हातात घेतला आणि आम्हाला सगळं दिसायला लागलं. जिन्याखालची लाल सायकल बाहेर आली होती. सीट शेवटच्या भोकापर्यंत वर होती. भिंगरी चढली. गुडघे अजून कसेबसे हँडलखालून फिरत होते. मास्तरांनी दोन्ही हातांनी सीट धरली.

"धरून ठेवायचं हं!" भिंगरीनं बजावलं.

सायकल निघाली. मास्तर वाकून पळत होते, धापा टाकत होते, चष्मा नाकावरून घसरत होता. सायकल डावीकडे कलली, उजवीकडे कलली, मग जरा सरळ झाली. इकडे बटणताईनं बाईंचा दंड घट्ट पकडला होता.

"आजोबा, धरलंय ना?" भिंगरी मागे न बघता ओरडली.

"हो हो! धरलंय, धरलंय!" मास्तर ओरडले.

आणि त्यांचे दोन्ही हात हवेत होते.

ते जागच्या जागी उभे होते, हात वर करून, आणि सायकल त्यांच्यापासून लांब लांब चालली होती. भिंगरीची लाल टोपी झाडाखालून गेली, वळणापाशी गेली, मोठा गोल फिरून परत यायला लागली. तेव्हा कुठे तिला आजोबा समोर दिसले. मागे असायला हवेत ते आजोबा समोर! "तुम्ही सोडलं होतं!" ती किंचाळली. "तुम्ही 'हो' म्हणालात आणि सोडलं होतं!" पण ती पडली नाही. आजोबांना चुकवून, घंटी वाजवत, ती तशीच पुढे निघून गेली. मास्तर रस्त्याच्या मधोमध उभे राहून हसत होते आणि डोळे पुसत होते. इकडे कारखान्यात बाई टाळ्या वाजवत होत्या, बटणताई नाचत होती आणि भाची माझ्या पडद्यावर हात ठेवून रडत रडत हसत होती. मला 'हो हो'वर विश्वास ठेवायचा नाही असंच शिकवलेलं आहे. पण ते एक 'हो हो' मला फार आवडलं.

त्यानंतर मी पुष्कळ वर्षं काम केलं. मास्तर परत आले, त्यांनी पानाफुलांची वेल विणली आणि तिचे स्वेटर दूरदूर गेले. दर उन्हाळ्यात ते रजेवर जायला लागले आणि दर उन्हाळ्यात मी आणि बाई मशीन सांभाळायचो. शेजारपाजारच्या कारखान्यांतली माणसं मला बघायला यायची. "कोणी केला हो हा?" म्हणून विचारायची, आणि बाई भाचीचं नाव मोठ्या दिमाखात सांगायच्या. माझे ते दिवस मोठे मानाचे होते.

मग नवं मशीन आलं. त्याच्या पोटातच पडदा आहे. धागा निसटला की तेच ओळखतं आणि तेच थांबतं. मी त्याचा हेवा करत नाही, हुशार आहे बिचारं. मला तिथेच खिडकीशेजारी ठेवलंय, आणि बटणताईनं माझ्या पडद्याला उरल्यासुरल्या लोकरीचं आवरण शिवलंय. त्याला पुढून बटणंही लावलीत. कधीकधी तिचा मफलरही माझ्यावर वाळत असतो. आत अंधार असतो, पण ऊब छान असते.

आणि सुट्टीत भिंगरी येते. आता ती उंच झालीय, आणि ती लाल सायकल दुसऱ्या कुणाच्या तरी जिन्याखाली आहे. आली की ती माझं आवरण काढते, मला सुरू करते आणि माझ्या पोटातल्या स्क्रिप्टच्या ओळी वाचत बसते. परवा मास्तर दारातून आत आले. थकलेत ते आता, जरा सावकाश चालतात. मला वाटलं, ती सगळे विचारतात तसंच विचारेल, आजोबा, बरे आहात ना? आणि ते म्हणतील, हो हो. पण तिनं खुर्ची त्यांच्याजवळ ओढली आणि विचारलं, "आजोबा, आज जिना चढताना कुठल्या पायरीवर थांबलात?" मास्तर हसून म्हणाले, "वरून तिसऱ्या. गुडघा दुखतोय गं." भिंगरी म्हणाली, "बरं झालं सांगितलंत." आणि तेल आणायला उठली.

मित्रांनो, तुमच्या घरातही 'हो हो' म्हणणारी माणसं असतील. आई असेल, आजी असेल, गप्प बसणारा एखादा मित्र असेल. त्यांना दारातूनच "बरं आहे ना?" विचारून खेळायला पळू नका. जवळ जा, नीट बघा, आणि ज्याचं उत्तर 'हो' असं देताच येणार नाही ते विचारा. मग जे उत्तर येईल त्याला रागवू नका.

आणि कधी या बाजूला आलात, तर खिडकीशेजारी माझ्यापाशीही या. मला "अजून चालतोस ना रे?" असं मात्र विचारू नका, मी लगेच हो हो म्हणेन. आवरणाची बटणं काढा, माझ्यावरची धूळ फुंका, आणि पडद्यावर काय दिसतं ते मला सांगा.